अध्यात्म, मानसशास्त्र, कला आणि न्याय एकाच मंचावर: न्यायाचाच प्रश्न शेवटी मवाळ का होतो?

मेधा_र

लवकरच मला एका जाहीर संवादाचं सूत्रसंचालन करायचं आहे. मंचावर चौघं असतील. ध्यान शिकवणाऱ्या एक बाई, एक समुपदेशक, एक चित्रकार आणि घराच्या हक्कासाठी लढणारे एक कार्यकर्ते. असे कार्यक्रम मी आवडीने ऐकत आले आहे. एरवी ज्यांची गाठही पडणार नाही अशी माणसं शेजारी बसून एकमेकांचं ऐकतात, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच जे खटकतं ते इथे मांडते.

मध्यंतरी अशाच एका कार्यक्रमाला श्रोता म्हणून गेले होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक मुलगी उठली. प्रश्न कागदावर लिहून आणला होता, तरी वाचताना आवाज कापत होता. आडनाव कळल्यावर तिला भाड्याने घर नाकारलं गेलं होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आता काय करू, असं तिने विचारलं. मंचावरून उत्तर आलं, "त्या लोकांना मनातून क्षमा कर. राग शेवटी तुलाच जाळेल." सभागृहात टाळ्या. सूत्रसंचालक म्हणाले, "किती सुंदर!" आणि माईक पुढच्या माणसाच्या हातात गेला. मुलगी अजून उभीच होती, कागदाची घडी घालत. भेदभावाविरुद्ध दाद कुठे मागायची हे ज्यांना ठाऊक होतं ते गृहस्थ मंचाच्या टोकाला बसले होते. त्यांना कोणी विचारलंच नाही.

उत्तर देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगते. पण ही चार क्षेत्रं एकत्र आली की मनःशांतीची भाषा सगळ्यांना सोयीची पडते. मग न्यायाची मागणी म्हणजे त्या माणसाच्या मनाचीच काहीतरी तक्रार आहे असं होऊन बसतं.

असं न घडलेले जाहीर संवाद तुम्हाला माहीत आहेत का? तिथे काय वेगळं होतं? आणि सूत्रसंचालकाच्या हातात नेमकं किती असतं?

---

कडूनिंब

स्पष्ट बोलतो, रागावू नका. जो संवाद खरोखर टोचणारा असतो त्याला मंच मिळतच नाही.

1936 चं उदाहरण घ्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. आंबेडकरांना बोलावलं. भाषणाचा मजकूर हाती पडल्यावर मंडळी बिचकली. काही भाग गाळा म्हणाली. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

जातीचा प्रश्न धर्मग्रंथांच्या अधिकारापर्यंत नेऊन भिडवणारं ते भाषण होतं. म्हणजे अध्यात्म आणि न्याय या दोन्हींना एकत्र हात घातला होता, तोही कोणाला बरं वाटावं म्हणून नव्हे. जात मोडायला निघालेल्या मंडळालासुद्धा ते पेललं नाही. तुमच्या आयोजकांना पेलेल?

---

पूर्वापार

कडूनिंब, उदाहरण चपखल आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. गांधीजींनी त्या भाषणावर 'हरिजन'मध्ये लिहिलं आणि बाबासाहेबांनी 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका आणि तिला दिलेलं उत्तर, दोन्ही छापलं. मंच नाकारला गेला तरी जाहीर संवाद झालाच, छापील पानांवर झाला. आणि विरोधकाचं म्हणणं स्वतःच्याच पुस्तकात पूर्ण छापायला जी हिंमत लागते ती आजच्या मंचांवर मला क्वचित दिसते.

मेधाताई, तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडेल असा एक संवाद सांगतो. 18 एप्रिल 1957, मिशिगन विद्यापीठ. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, संचालनाला मॉरिस फ्रीडमन. रॉजर्सचं म्हणणं होतं की उपचाराच्या एखाद्या खोल क्षणी मी आणि माझ्यासमोरचा माणूस बरोबरीचे असतो, दोघंही एकमेकांना माणूस म्हणून भेटतो. बूबरने ते मान्य केलं नाही. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की तो माणूस मदतीसाठी तुमच्याकडे आलाय, तुम्ही त्याच्याकडे मदत मागायला गेलेला नाहीत. तुम्ही मनातून कितीही बरोबरी माना, परिस्थिती बरोबरीची नाही.

हे सगळं श्रोत्यांसमोर झालं. दोघांनाही एकमेकांबद्दल आदर होता, तरी कोणी मुद्दा सोडला नाही. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात नेमकं हेच कोणी बोललं नाही. क्षमा कर म्हणणारा माणूस आणि घर नाकारलेली मुलगी एकाच पायरीवर उभे नव्हते.

---

दवबिंदू

+१ पूर्वापार. "परिस्थिती बरोबरीची नाही" हे मंचावर मोठ्याने म्हणणं हेच सूत्रसंचालकाचं अर्धं काम.

---

सुहृद

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

मेधाताईंनी वर्णन केलेल्या गोष्टीला आमच्याकडे नाव आहे. मानसोपचारक आणि बौद्ध साधक जॉन वेलवुड यांनी 1984 च्या सुमारास 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असा शब्द वापरला. न सुटलेल्या भावनिक गोष्टींना सामोरं जायचं टाळून आध्यात्मिक कल्पनांचा आडोसा घेणं, असा त्याचा अर्थ. ते स्वतः साधक होते हे लक्षात घ्या. टीका घरातूनच आलेली आहे.

वेलवुड बोलत होते ते साधकाच्या स्वतःबद्दल. जाहीर मंचावर एक पाऊल पुढे जातं. तिथे आडोसा एक जण घेतो आणि उघड्यावर दुसराच पडतो. त्या मुलीचा राग ही माहिती होती. काय चुकीचं घडलंय हे तो राग सांगत होता. तो शमवण्याआधी तो काय सांगतोय हे ऐकायला हवं होतं. माझ्यासमोर अशी व्यक्ती बसली तर मी आधी विचारते, "आज राहायला कुठे आहेस?" बाकी सगळं नंतर.

आणि आमच्या क्षेत्रालाही मी मोकळं सोडणार नाही. "तुमच्या प्रतिसादावर काम करू या" हे वाक्य सामाजिक अन्यायापुढे तितकंच आखूड पडतं. एल साल्वादोरचे इग्नासिओ मार्तीन-बारो हे जेझुइट धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ होते. युद्धात आणि दारिद्र्यात भरडलेल्या लोकांचं दुःख एकेकट्याच्या डोक्यात शोधू नका, ते माणसामाणसांतल्या नात्यांत आणि समाजाच्या रचनेत आहे, असं ते मांडत. त्यांनी विद्यापीठात जनमत अजमावणारी संस्था उभी केली. लोकांना काय वाटतं याबद्दल सत्ताधारी जे सांगत होते त्याच्याशी लोकांचं खरं मत ताडून बघता यावं, हा हेतू. माझ्या लेखी तोही जाहीर संवादच. 16 नोव्हेंबर 1989 ला लष्कराच्या सैनिकांनी विद्यापीठात शिरून त्यांना, आणखी पाच जेझुइटांना आणि तिथे राहणाऱ्या आई-मुलीला ठार मारलं.

अध्यात्म, मानसशास्त्र आणि न्याय एका माणसात एकत्र आले तर किती खोल जातं, हे मला त्यांच्याकडे बघून कळतं.

---

एकतारी

मी गेली बरीच वर्षं साधना करते. सुहृद यांचा प्रतिसाद मनापासून पटला, पण धाग्याचा रोख पाहून थोडं बोलावंसं वाटतंय.

तिक न्यात हान्ह या व्हिएतनामी भिक्षूंनी 1 जून 1965 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना खुलं पत्र लिहिलं. व्हिएतनाममध्ये भिक्षू स्वतःला जाळून का घेत आहेत, हे समजावून सांगणारं. पुढच्या वर्षी शिकागोत दोघं भेटले आणि पत्रकारांपुढे एकत्र बसले. 4 एप्रिल 1967 ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी युद्धाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. त्याआधी जानेवारीत त्यांनी या भिक्षूंचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं होतं. त्या वर्षी ते पारितोषिक कोणालाच दिलं गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

श्वासाकडे लक्ष द्या म्हणणारा माणूस आणि युद्ध थांबवा म्हणणारा माणूस एकच होता, आणि त्यापायी त्याला जवळजवळ चाळीस वर्षं मायदेशाबाहेर काढावी लागली. तेव्हा मेधाताई, ध्यानाच्या बाईंना 'मवाळ करणारी व्यक्ती' असं मनात आधीच धरून मंचावर बसवू नका. त्यांना कठीण प्रश्न विचारा. खऱ्या साधकाला तो आवडतो.

---

कडूनिंब

एकतारी, हे मान्य. पण फरक कुठे आहे ते बघा. किंग यांनी ते भाषण केल्यावर मोठमोठी वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली, सोबतची माणसं दुरावली. भिक्षूंनी देश गमावला. दोघांनीही बोलण्याची किंमत मोजली. आपल्या मंचावर क्षमेचा सल्ला देणाऱ्याचं काय जातं? ज्याचं काही जात नाही त्याने त्यागाबद्दल बोलूच नये, असं माझं ठाम मत आहे.

---

एकतारी

याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याने, त्याच्या वेळेला, वाटलं तर द्यायची गोष्ट. तिसऱ्याने ती सुचवणं हा उद्धटपणा आहे, भले आवाज कितीही गोड असो.

---

निळी_शाई

वादविवाद की संवाद, या अंगाने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

18 फेब्रुवारी 1965, केंब्रिज युनियन, म्हणजे केंब्रिज विद्यापीठातली वादसभा. एका बाजूला कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन, दुसऱ्या बाजूला पुराणमतवादी अमेरिकन संपादक विल्यम बकली. ठराव असा की अमेरिकन स्वप्न हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभं आहे. मतदान झालं. 544 ठरावाच्या बाजूने, 164 विरुद्ध. बाल्डविन बोलून बसले तेव्हा सभागृह उभं राहिलं होतं. त्याचं चित्रीकरण आजही पाहता येतं, जरूर पाहा. तिथे न्यायाचा प्रश्न मवाळ झाला नाही, कारण त्या सायंकाळी प्रश्नच तो एक होता.

आता दुसरं टोक. 1970 च्या ऑगस्टमध्ये हेच बाल्डविन आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड वंशभेदावर सुमारे साडेसात तास बोलले, ध्वनिमुद्रण चालू ठेवून. सुरुवातीला दोघं एकमेकांना फार सांभाळून घेतात. जसजसं बोलणं वाढतं तसे मुद्दे टोकदार होतात. मीड म्हणतात, जे मी केलं नाही त्याचा अपराध मी माझ्या माथी घेणार नाही. बाल्डविन म्हणतात, इतिहास मागे पडलेला नाही, तो आत्ता इथे आहे आणि त्याची जबाबदारी आपल्यावर आहे. शेवटपर्यंत एकमत होत नाही.

मला यातून दिसतं ते हे, की मवाळपणाचं एक मोठं कारण वेळ आहे. चौघं जण आणि दीड तास. प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं. माणसं सौजन्याचा थर ओलांडायच्या आतच आभारप्रदर्शन सुरू होतं. चौघांऐवजी दोघांना बोलवा, मेधाताई.

---

मेधा_र

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. निळी_शाई, चौघांना निमंत्रणं गेली आहेत, आता कोणाला कमी करता येणार नाही. पण दोघादोघांच्या जोड्या करून बोलायला लावता येईल का, याचा विचार करतेय.

---

दूरस्थ

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. 14 जुलै 1930 ला बर्लिनजवळच्या कापूट गावी आइन्स्टाइनच्या घरी रवींद्रनाथ टागोर गेले होते. सत्य आणि सौंदर्य माणसावाचून असू शकतात का, यावर दोघं बोलले. सौंदर्य माणसावाचून नाही, हे आइन्स्टाइनने मान्य केलं. सत्याच्या बाबतीत मात्र अडून बसले. माणूस नसला तरी सत्य असणारच, हे मला सिद्ध करता येत नाही पण माझी तशी श्रद्धा आहे, असा त्यांचा सूर. आणि मग म्हणाले, म्हणजे मी तुमच्यापेक्षा जास्त धार्मिक ठरलो!

कवी तर्काने बोलतोय आणि भौतिकशास्त्रज्ञ श्रद्धेची साक्ष काढतोय. वाचताना मला दर वेळी हसू फुटतं.

मुद्दा असा की माणूस आपल्या ठरलेल्या भूमिकेतून बाहेर आला की संवादात जीव येतो. ध्यानवाल्या बाईंना शांतीबद्दल आणि कार्यकर्त्याला संघर्षाबद्दलच विचारत राहिलात तर दोघंही पाठ झालेलं बोलतील. उलट विचारा. कार्यकर्त्याला विचारा, रात्री झोप लागते का? बाईंना विचारा, शेवटचा राग कशाचा आला आणि त्याचं पुढे काय केलंत?

---

दवबिंदू

"शेवटचा राग कशाचा आला" हा प्रश्न मला फारच आवडला. तो चौघांनाही विचारा, सुरुवातीलाच.

---

रंगपट

नाटकवाल्यांच्या वतीने हजेरी. कलेबद्दल अजून कोणी बोललं नाही. अशा मंचांवर बहुतेक वेळा हेच होतं. चित्रकाराला शेवटी विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?"

ऑगुस्तो बुआल या ब्राझीलच्या दिग्दर्शकाने जाहीर संवादाची एक वेगळीच तऱ्हा शोधली. आधी तो असं करायचा की प्रसंग अडचणीच्या टोकाला आणून थांबवायचा आणि प्रेक्षकांना विचारायचा, पुढे या पात्राने काय करावं? ते सांगतील ते नट करून दाखवायचे. 1973 च्या सुमाराला पेरूमध्ये एका प्रयोगात एक बाई सारखी म्हणत राहिली, नाही, मी म्हणाले ते हे नव्हे. नटीने पुन्हा केलं, तरी बाईचं समाधान नाही. शेवटी बुआलने तिलाच मंचावर बोलावलं. तिने जे करून दाखवलं ते कोणाही नटाला सुचलं नव्हतं. तिथून 'फोरम थिएटर' उभं राहिलं. ज्याच्यावर बेततं तो स्वतः उठतो, पात्राची जागा घेतो, उपाय करून बघतो, फसला तर दुसरा उठतो. पुढे बुआल रिओ द जानेरोच्या नगरसभेवर निवडून आला आणि 1993 ते 1996 या काळात लोकांबरोबर केलेल्या अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांपैकी 13 कायदे मंजूर करून घेतले.

आम्ही आमच्या छोट्या गटात हा प्रकार करतो. संचालन करणाऱ्याने पाळायचा एक नियम मला इथे फार उपयोगाचा वाटतो. कोणी अशक्य तोडगा सुचवला, म्हणजे जुलूम करणाऱ्याचं मन एकाएकी पालटलं वगैरे, तर लगेच थांबून सगळ्या सभागृहाला विचारायचं, असं खरोखर होतं का? "क्षमा कर" या उत्तरानंतर सूत्रसंचालकाने फक्त एवढंच विचारलं असतं, की याने हिला उद्या घर मिळेल का, तर टाळ्या तिथेच थांबल्या असत्या आणि माईक कार्यकर्त्याकडे गेला असता.

आणि चित्रकाराला पहिलं बोलू द्या. शक्य असेल तर एखादं चित्र दाखवून. चित्रासमोर सगळे थोडे वेळ अडाणी असतात. ते सुरुवातीला बरं असतं.

---

काठावरचा

कडूनिंबांच्या आक्षेपाच्या पुढचा एक प्रश्न मला अजून अनुत्तरित वाटतो. मंच मिळाला असं धरलं, तरी संवादातून शेवटी मिळतं काय?

वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचं बघा. जाहीर संवादाचा इतका मोठा प्रयत्न क्वचितच झाला असेल. पहिली सुनावणी 15 एप्रिल 1996 ला ईस्ट लंडन शहरात. अध्यक्ष आर्चबिशप डेझमंड टुटू, सुरुवात प्रार्थनेने. पीडितांची 21,000 हून अधिक निवेदनं आयोगाकडे आली, त्यांतल्या सुमारे 2,000 जणांनी जाहीर साक्ष दिली. साक्षी ऐकताना स्वतः टुटू मेजावर डोकं टेकून रडले. अध्यात्म होतं, मनाच्या जखमांची भाषा होती, न्याय तर शीर्षस्थानीच.

आणि भरपाई? आयोगाने प्रत्येक पीडिताला सहा वर्षं दर वर्षी साधारण 17,000 ते 23,000 रँड (तिथलं चलन) द्यावेत अशी शिफारस केली होती. सरकारने 2003 मध्ये एकदाच 30,000 रँड द्यायचं ठरवलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, पण देण्याची वेळ आली तेव्हा हात आखडला.

---

सुहृद

काठावरचा, तुमचे आकडे बोचरे आहेत आणि बोचायलाच हवेत. तरीही एक गोष्ट त्या सुनावण्यांनी केली ती लहान नाही. आपला माणूस कुठे गेला, त्याचं काय केलं, हे वर्षानुवर्षं नाकारलं गेलं होतं. ते मारणाऱ्यांच्या तोंडून सगळ्या देशासमोर बोललं गेलं. त्यानंतर "असं काही घडलंच नव्हतं" असं म्हणणं अवघड झालं. माझ्या कामात मी पाहते, नाकारलं जाणं ही वेगळी जखम असते आणि ती खोल असते. भरपाई मिळाली नाही तो सरकारचा गुन्हा. तो साक्षींच्या माथी मारू नये.

---

काठावरचा

पटलं. फक्त दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जाव्यात, एवढाच माझा आग्रह. रडणारे टुटू सगळ्यांना आठवतात, ते 30,000 रँड कोणाला आठवत नाहीत.

---

जुई_क

छोटा पण महत्त्वाचा मुद्दा. मानधन! मी कार्यक्रमांच्या आयोजनात काम केलं आहे. एका ठिकाणी तीन वक्त्यांना मानधन होतं आणि कार्यकर्तीला "तुमचं तर कामच आहे हे" म्हणून फक्त शाल. तिची दिवसाची मजुरी बुडाली होती. मंचावर समतेच्या गप्पा आणि पाकिटांत विषमता, हे आधी तपासा. चौघांना एकच रक्कम.

---

कडूनिंब

जुई_क, हे सोन्यासारखं बोललात.

---

निळी_शाई

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत का? चिठ्ठ्यांमुळे भाषणं ठोकणाऱ्यांना आळा बसतो.

---

रंगपट

माझा विरोध. चिठ्ठी निवडणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच, आणि टोचणाऱ्या चिठ्ठ्या गठ्ठ्याच्या तळाशी जातात हे मी पाहिलं आहे.

---

सुहृद

माझं मत चिठ्ठ्यांच्या बाजूने, वेगळ्या कारणासाठी. सगळ्यांसमोर उभं राहून आपला अपमान सांगणं सगळ्यांना जमत नाही. त्या मुलीचा आवाज कापत होता ना? दोन्ही सोयी ठेवा. ज्यांना नाव सांगायचं नाही त्यांच्यासाठी चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठ्या आयोजकांनी नव्हे, मंचावरच्या कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर उघडाव्यात. कार्यक्रम संपल्यावर निदान तासभर दोघं तिघं बाजूच्या खोलीत थांबावेत, ज्यांना एकट्याने बोलायचं असेल त्यांच्यासाठी.

---

मेधा_र

ठरवलं ते लिहिते, अजून सुचवा.

चित्रकार पहिले. मग दोन जोड्या, चित्रकार आणि समुपदेशक, ध्यानाच्या बाई आणि कार्यकर्ते. दूरस्थ यांचा रागाचा प्रश्न चौघांना. श्रोत्याने स्वतःवर झालेला अन्याय सांगितला तर पहिलं उत्तर कार्यकर्ते देतील आणि मी त्या व्यक्तीला परत विचारेन, "तुम्हाला हवं ते मिळालं का?" तिने हो म्हटल्याशिवाय माईक पुढे जाणार नाही, मग प्रश्न कमी झाले तरी चालतील. मानधन समान, आयोजकांशी बोलणं झालं, तयार आहेत. बरोबरीचा प्रश्न मी प्रास्ताविकातच मांडणार आहे. मंचावर कोण कशाच्या बळावर बसलंय, हे प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचं.

सांकेतिक भाषेचे दुभाषीही येणार आहेत. त्यांच्यासाठी काय करावं लागतं, कोणाला अनुभव?

---

एकतारी

"तुम्हाला हवं ते मिळालं का?" एवढा एक प्रश्न जरी विचारलात तरी पुष्कळ आहे.

---

हातांची_भाषा

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. धागा आधीपासून वाचतेय, आता लिहिते.

1971 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको नेदरलँड्समध्ये मानवी स्वभाव आणि न्याय यांवर जाहीरपणे बोलले. एक जण इंग्रजीत, दुसरा फ्रेंचमध्ये, ज्याच्या त्याच्या भाषेत. न्यायाची खरी कल्पना माणसाच्या स्वभावात रुजलेली आहे, असं चॉम्स्कींचं म्हणणं. न्याय ही कल्पनाच सत्तेच्या व्यवहारात घडते, असं फूकोंचं. इतका सूक्ष्म मतभेद, तरी कोणालाही परक्या भाषेत स्वतःला कोंबावं लागलं नाही. कर्णबधिर श्रोत्यांना तीच मोकळीक मिळावी. त्यांचा प्रश्न त्यांच्या भाषेत पूर्ण होऊ द्या, मी तो बोलून दाखवेन, आणि तेवढा वेळ मंचाने माझ्याकडे न बघता प्रश्न विचारणाऱ्याकडे बघायचं.

बाकी कामाच्या गोष्टी. वक्ते जे खास शब्द वापरणार आहेत त्यांची यादी आठवडाभर आधी द्या. 'साक्षीभाव', 'प्रतिगमन', 'उपेक्षा' असले शब्द ऐनवेळी कानावर पडले तर मला अर्थ उलगडून दाखवावा लागतो आणि तोवर पुढची चार वाक्यं निसटतात. दोन दुभाषी हवेत, वीसेक मिनिटांनी आलटून पालटून. चित्र दाखवताना सभागृहात अंधार करणार असाल तर माझ्यावरचा दिवा चालू राहू द्या. आणि जोडीने बोलताना एकाच वेळी दोघांनी बोलू नये, हात दोनच आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं. ध्यानाच्या बाई किंवा समुपदेशक सगळ्यांना डोळे मिटायला सांगणार असतील तर आधीच थांबवा. डोळे मिटले की ज्यांच्यासाठी मी तिथे उभी असते त्यांच्यापर्यंत एकही शब्द पोचत नाही. मग बाकी सगळे ध्यानात आणि हे लोक डोळे उघडून इकडेतिकडे बघत, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

---

मेधा_र

हे फार मोलाचं सांगितलंत. यादीचं आजच सगळ्यांना कळवते. डोळे मिटण्याबद्दल बाईंशी बोलते, पण त्यांच्या सत्रातला तो मुख्य भाग आहे असं त्या म्हणाल्या होत्या.

---

एकतारी

मेधाताई, त्यांना सांगा की झेन परंपरेत डोळे अर्धवट उघडे ठेवूनच बसतात, नजर समोर खाली सोडून. त्या दिवशी नजर दुभाषीच्या हातांवर सोडायची आणि सगळ्याच सभागृहाने तसं बसायचं. मी हवं तर त्यांच्याशी फोनवर बोलेन, व्यक्तिगत निरोपातून क्रमांक पाठवते.